मांडवगोट्याची हळद

अक्षय्य तृतीयेच्या आधीचा रविवार. सकाळ, ऊन चढायच्या आत.

मांडवगोट्यापाशी हजर: आत्याबाई, म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, हातात हळदीची पितळी वाटी. माझी भाची, जिचं दुसऱ्या दिवशी लग्न. मी, पाण्याचा गडवा आणि तांदळाची पुरचुंडी घेऊन. डफडं वाजवणारे दोघं, वाजवावं की नाही या विचारात. माझा धाकटा भाऊ, नवरीचा बाप, पण तो शेताच्या बांधावर, धुऱ्यावरच थांबलेला. गैरहजर: वहिनी, नवरीची आई.

आधी हजेरी आणि मग काम, ही सवय मला नोकरीने लावली. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून मी निम्मी नोकरी गडचिरोलीच्या जंगलात काढली आणि निम्मी चंद्रपूरकडे. घरातल्या लग्नांच्या याद्याही माझ्याकडेच असतात. वहिनी त्या सकाळी का आली नाही आणि भाऊ धुऱ्यावर का थांबला, हे सांगायचं तर सुरुवात त्या गोट्यांपासून करावी लागेल.

आमचं गाव मूल तालुक्यात, उमा नदीच्या काठावर. घरं संपली की धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं लागतात आणि त्यांच्या पलीकडे, नदीकडे उतरण्याआधी, एक टेकाड आहे. आमची शेवटची बांधी त्या टेकाडाला लागून. टेकाडावर मोहाची झाडं आणि त्यांच्यामध्ये मांडवगोटा: तीन बाजूंना जमिनीत उभ्या गाडलेल्या फरश्या, चौथी बाजू मोकळी आणि डोक्यावर एकच भली मोठी, तांबूस, खडबडीत फरशी. आत दोन शेळ्या उभ्या राहतील एवढी जागा. बहुतेक वेळा दोन शेळ्या असायच्याही. सभोवती अर्धे जमिनीत बुडालेले गोटे, पंगतीला गोल बसल्यासारखे.

लहानपणी आम्हाला सांगितलं होतं ते असं. एक वऱ्हाड नवरीला घेऊन निघालं होतं. उमा भरून वाहत होती. पाणी उतरेल म्हणून वऱ्हाड टेकाडावर मांडव घालून बसलं. पाणी उतरलं नाही. वाट पाहता पाहता सगळे जागच्या जागी गोटे झाले. मधला मांडव नवरा-नवरीचा, भोवतीचे गोटे वऱ्हाडी. एक गोटा जरा बाजूला आणि वाकडा होता, तो रुसलेला जावई.

त्यांचं लग्न राहून गेलं, म्हणून गावातल्या प्रत्येक लग्नात पहिली हळद त्यांची. नवरीला लावण्याआधी हळदीची वाटी मांडवगोट्याला जायची. वरच्या फरशीला आतल्या बाजूने हळदीची पाच बोटं उठवायची, तांदूळ टाकायचे, नवरीच्या हातातली एक हिरवी बांगडी काढून आत ठेवायची आणि त्या वऱ्हाडाला लग्नाचं आवतण द्यायचं. आवतण दिलं की निरोपही द्यावा लागे. लग्नानंतर पाचव्या दिवशी त्याच बाईने परत जायचं, हळदीवर पाणी शिंपडायचं, लग्नातल्या अक्षता तिथे टाकायच्या आणि सांगायचं, लगन पार पडलं, मांडव उतरला, आपापल्या जागी जा. तसं सांगितलं नाही तर पाहुणे घरातच मुक्काम ठोकतात.

नदीत मासे मारणारी घरंही आमच्या गावात आहेत. त्यांचीही हळद तिथेच जायची. त्यांच्यात हळदीबरोबर जुन्या जाळ्याचा एक धागा ठेवत.

आता यातली मुख्य गोष्ट. वाटी न्यायचा मान घरच्या सगळ्यात मोठ्या लेकीचा. ती लग्नाची असो, नसो, तिचा नवरा असो, नसो. गोटे झालेल्यांना कुंकू दिसत नाही, असं म्हणत.

आत्याबाईचा नवरा लग्नाला दोन पावसाळे झाले नाहीत तोच तापाने गेला. ती माहेरी परत आली आणि कायमची आमच्या घरची झाली. रोवणीच्या चिखलात सगळ्यात पुढची ओळ तिची, घरात चूल तिची, आम्हा भावंडांच्या वेण्या आणि मार दोन्ही तिच्याकडे. पण लग्न निघालं की ती आपणहून मागे सरायची. हळदीच्या वेळी ती स्वयंपाकघरात, अक्षतांच्या वेळी भांड्यांपाशी. कोणी तिला जा म्हणायचं नाही आणि कोणी ये म्हणायचं नाही. फक्त त्या एका सकाळी ती न्हाऊन नवं लुगडं नेसायची, वाटी हातात घ्यायची आणि सगळ्यांच्या पुढे चालायची. डफडंवाले मागे, नवरी मागे, सवाष्णी मागे. बांध्यांच्या धुऱ्यावरून एकामागे एक रांग जायची आणि रांगेच्या टोकाला आत्याबाई. माझ्या लग्नात मी तिच्या मागे चालले होते. तिची मान त्या दिवशी किती ताठ होती ते मला पाठमोरं आठवतं.

टेकाडावर पोचली की ती वाकून मांडवात शिरायची, आधी शेळ्या हाकलायची आणि मग म्हणायची, "वऱ्हाडाचे हो, नवरानवरी हो, उमा उतरली, वाट मोकळी झाली. आमच्या मांडवात या."

"आत्याबाई, हे खरंच येतात का वो?" मी नवरी असताना विचारलं होतं.

"नाई येत तं पंगतीत भात कमी काऊन पडते?" ती म्हणाली. "तुह्या बापानं तांदूळ कमी काढले म्हणून?"

मागून माझे वडील म्हणाले, "मी आयकून राह्यलो बरं."

अशी वर्षं गेली. मग दोन हिवाळ्यांपूर्वी नागपूरकडून उत्खननवाल्यांची एक तुकडी आली. एक मॅडम, त्यांचे विद्यार्थी, दोऱ्या, ब्रश, चाळण्या. त्यांनी टेकाडाच्या एका कोपऱ्यात चौकोनी खड्डा घेतला आणि मांडवाच्या आतली माती थराथराने काढली. भावाने त्यांना सावलीला ताडपत्री दिली आणि रोज चहा पाठवला. त्या दिवसांत मी सुट्टीवर होते, म्हणून आत्याबाईला घेऊन बघायला गेले.

ताडपत्रीवर निघालेल्या वस्तू थराप्रमाणे ठेवल्या होत्या. सगळ्यात खालच्या थरातली खापरं, आतून काळी आणि बाहेरून लाल. गंजून फुगलेली लोखंडाची कुऱ्हाड. हाडांचे थोडे तुकडे. मधल्या थरात मातीच्या पणत्या, काही मणी. वरच्या थरातल्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत होत्या आणि पिशवीवर लिहिलं होतं, 'अलीकडचे'. आत हिरव्या काचेचे तुकडे.

आत्याबाईने पिशवी डोळ्यांजवळ नेली. "ह्या आमच्या बांगड्या व्हय," ती म्हणाली. "ह्यात माही बी असन. काय लिवलं हाये वर?"

"अलीकडचे," मी वाचून दाखवलं.

"मी अलीकडची काय वो मॅडम?" आत्याबाई इतकी हसली की तिला खोकला आला. "आयका, गावात माह्याहून जुनं आता झाडच हाये."

मॅडमही हसल्या. मग त्यांनी समजावून सांगितलं, की हे मांडव नाही, थडगं आहे. लोखंड वापरणाऱ्या फार जुन्या लोकांचं. ते मेलेल्या माणसाबरोबर त्याची हत्यारं आणि भांडी ठेवत आणि वर असे दगड रचत. नदीच्या या खोऱ्यात अशा जागा बऱ्याच आहेत. पुढे नवे लोक आले, किंवा त्याच लोकांच्या चालीरीती बदलल्या. पुरणं सुटलं, जाळणं आलं. थडगं कोणाचं ते कोणाला आठवेना, पण जागा कोणी सोडली नाही. कोणी तिथे दिवे लावले, कोणी मणी ठेवले. "आणि तुम्ही बांगड्या ठेवल्या," त्या म्हणाल्या. "ज्यांनी हे बांधलं त्यांच्याइतक्याच आमच्या दृष्टीने तुमच्या बांगड्या महत्त्वाच्या."

मला भामरागडकडची माझी पहिली नेमणूक आठवली. तिकडे माडिया लोक माणूस गेला की आजही दगड उभा करतात. गावाबाहेर वाटेच्या कडेला नवे आणि जुने दगड शेजारी शेजारी. नवं धान्य निघालं की आधी तिथे ठेवतात. मी तिथून सायकलीने जायची तेव्हा आमच्या टेकाडाची आठवण यायची, पण आमचे गोटे लग्नाचे आणि हे मरणाचे, असं मी मनात वेगळं ठेवलं होतं. आता कळलं की एकाच गोष्टीचे हे दोन मुक्काम. आणि तिसरा मुक्काम मूलच्या रस्त्याला दिसतोच: सिमेंटचा चौथरा, वर पांढऱ्या फरशीवर गेलेल्या माणसाचा छापलेला फोटो, टिनाचं छत.

ताडपत्रीपाशी मला हे सगळं छान वाटलं. भावाला तर फारच. त्याने संध्याकाळी ओसरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं, "आमच्या धुऱ्याले लागून हजारो वर्साचं थडगं हाये."

वहिनी आतून तांदळाचं सूप घेऊन बाहेर आली. "थडगं?" ती म्हणाली. "म्हणजे इतके दिवस आपण हळद मसनात नेऊन राह्यलो होतो?"

आत्याबाई खांबाला टेकून बसली होती. ती उठली, आत गेली आणि हळदीची पितळी वाटी तिने नेहमीच्या जागेवरून काढून, स्टुलावर चढून, फळीवर सगळ्यात मागे, मोठ्या गंजाच्या, म्हणजे पातेल्याच्या आड ठेवली. मी पाहत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मोहाखाली फुलझाडू करायला गवत निवडत बसलो होतो. ती मध्येच म्हणाली, "माही हळद बी तिथीच गेली होती."

"मंग?"

"मंग काय. माह्या मालकाले दोन पावसाळे नाई दिसले. त्याच्यानंच झालं असन का बाई?"

तिने आयुष्यात कधी स्वतःच्या नशिबाबद्दल माझ्यापाशी शब्द काढला नव्हता. मी घाईने उत्तर दिलं. "माही बी तूच नेली होती ना? माहा नवरा आता कोरपन्याले टीव्हीसमोर बसून भजे खाऊन राह्यला असन."

"तो तं गोटे बी पचवन," ती म्हणाली. पण हसली नाही. "मी घरच्या सगळ्या पोरींची नेली. ज्याईचं बरं झालं त्याईचं बरंच हाये. ज्याईचं नाई झालं त्याईचं?"

मी गावातल्या एकेका मुलीचं नाव घेऊन कोणाचं कसं चाललंय ते सांगायला लागले. आमच्या कामात आकडे दाखवले की माणसाचं समाधान होतं. तिचं झालं नाही. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि गवत निवडत राहिली.

पुढच्या वर्षी गावात जी लग्नं झाली त्यांत कोणाचीच हळद टेकाडावर गेली नाही. मासेवाल्यांच्या घरांनीही बंद केलं. कोणी बैठक घेतली नाही, ठराव केला नाही. टेकाडावर एक पाटी लागली, तीत हे प्राचीन शवाधान असल्याचं लिहिलं होतं, आणि बायका पाटीकडे न पाहता धुऱ्यावरून जायला लागल्या. त्या लग्नांत आत्याबाई पूर्ण वेळ भांड्यांपाशी होती. एकदाही बाहेर आली नाही.

मग भाचीचं ठरलं. मुलगा सिंदेवाहीचा. मी यादी केली: पत्रिका, मांडव, तांदूळ, वांगी, बस्ता, डफडं. सवयीने 'मांडवगोटा' असंही लिहिलं. प्रत्येक कामापुढे कोणाचं तरी नाव पडत गेलं, त्याच्यापुढे पडलं नाही.

वहिनीने ते वाचलं. "बाई, हे खोडा."

"काऊन?"

"तिकडच्याईले समजलं तं? आन् समजो का नाई समजो, मले एकच लेक हाये. तुमी फिरलेल्या हा, तुमाले काई वाटत नाई. मले वाटते."

तिचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. तिच्या जागी मी असते तर मीही खोडलं असतं. पण भाचीने ऐकलं होतं. ती नर्सिंग शिकलेली, फटकळ. "आई, उद्या देवघरात आजोबाच्या फोटोले हळद लावशीन ना? ते काय जिवंत हायेत?"

"फोटो वेगळा, मसन वेगळं."

"फोटो मसनातूनच येते वो आई."

"पाय हिचं तोंड!" वहिनी माझ्याकडे वळली. "सासरी नेऊन पोचवा हिले एकदाची."

पण खरी अडचण वहिनीची नव्हतीच. आत्याबाईच नाही म्हणत होती. "माह्या हातानं नको," एवढंच. भाची तिच्या खाटेवर जाऊन बसली. मी दारात उभी होते.

"मोठ्या आत्या, तुमी नाई नेत तं मी नेतो माही मीच."

आत्याबाई ताडकन उठून बसली. "नवरी कधी पुढं जाते का? येडी झाली का तू?"

"मंग कोण जाते?"

"घरची मोठी लेक जाते."

"कोण हाये मोठी?"

आत्याबाईने तिचा हात धरला. मग म्हणाली, "तुले भेव नाई वाटत?"

"वाटते," भाची म्हणाली. "म्हणून तं तुमी पुढं चला."

आत्याबाई पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून निजली. मी यादीत त्या कामापुढे प्रश्नचिन्ह केलं.

रविवारी सकाळी मी उठले तेव्हा ओसरीवर पितळी वाटी ठेवलेली होती. चिंचेने घासून लख्ख केलेली आणि ताज्या वाटलेल्या हळदीने काठोकाठ भरलेली. आत स्वयंपाकघरात वहिनी गरजेपेक्षा जास्त आवाज करत भांडी लावत होती. वाटी फळीवरच्या गंजाच्या आडून काढायला स्टूल लागतं, आणि आत्याबाईने हल्ली स्टुलावर चढणं सोडलं होतं.

आत्याबाई न्हाऊन आली. लुगडं नवं होतं. तिने वाटी पाहिली, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि वाटी उचलली.

आम्ही धुऱ्यावरून निघालो. बांध्या कोरड्या, धानाचे खुंट पायाला टोचणारे. मोहाची शेवटची फुलं खाली पडलेली. भाऊ आमच्याबरोबर निघाला, पण टेकाडाच्या पायथ्याशी थांबला. बायकोने नाही म्हटलेल्या कामात किती पुढे जायचं, हे त्याने तिथेच ठरवलं असावं. डफडंवाले पाटी वाचत उभे राहिले.

आत्याबाई वाकून आत गेली. आतली माती उत्खननानंतर परत भरून सपाट केली होती. शेळ्या नव्हत्या. तिने पाच बोटं उठवली. तांदूळ टाकले. भाचीने बांगडी काढून दिली, ती तिने कोपऱ्यात ठेवली. मग आवतण द्यायला तिने तोंड उघडलं आणि ती थांबली. नेहमीचे शब्द तिला आठवत नव्हते असं नाही. वऱ्हाडाला द्यायचं आवतण आता ती कोणाला देणार होती?

"तुमी वऱ्हाडी हा का कोण हा, मले आता मालूम नाई," ती शेवटी म्हणाली. नेहमीच्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तशी. "मॅडम म्हणते तुमी मेलेले हा. असा. आमच्या पोरीचं लगन हाये, लग्नाले या. जेवून जा." ती निघायला वळली. "आन् येतानी सोबत काई आणू नका."

भाची आधी हसली. मग मी. मग धुऱ्यावरून भाऊ मोठ्याने म्हणाला, "पत्रिकेत छापाले पाहिजे होतं!" आणि टेकाड चढून वर आला. डफडंवाल्यांना तेवढीच खूण पुरली. परतताना आत्याबाई सगळ्यांच्या पुढे होती. घराच्या दारात वहिनी पायांवर घालायला पाणी घेऊन उभी होती. तिने पहिलं पाणी आत्याबाईच्या पायांवर घातलं.

लग्न नीट पार पडलं. भात कमी पडला.

चौथ्या दिवशी आत्याबाई न्हाणीत घसरली. मांडीचं हाड मोडलं, चंद्रपूरला शस्त्रक्रिया झाली. आता ती घरी आहे, ओसरीवर खाटेवर, टेकाड दिसेल अशा बाजूने. उठवून बसवावं लागतं. डॉक्टरांनी चालेल म्हटलंय, कधी ते म्हटलेलं नाही. भाची फोन करते, रोज व्यायाम करून घ्या म्हणून आम्हाला दम देते.

निरोप द्यायचा राहिला आहे. पाचवा दिवस कधीच गेला. वहिनी, जिला हे आवतणच नको होतं, तीच आता मागे लागली आहे. "बाई, तिच्या मागची मोठी लेक तुमीच ना? जाऊन या. पाणी शिंपडून या. घरात भांडं पडलं तरी मले वाटते पाहुणेच उठले."

"जातो ना," मी म्हणते.

हळद वरच्या फरशीला आतून आहे, पावसाने धुतली जाणार नाही. आत्याबाई मला आल्या आल्या विचारते, "तू गेली तं नाई ना टेकाडावर?"

"नाई."

"जाऊ नको. मी उठली का जाईन."

पाण्याचा गडवा घासून दाराशी ठेवला आहे. पुडीत लग्नातल्या अक्षता आहेत. यादीतली बाकी सगळी कामं खोडून झाली. हे एक तसंच आहे, आणि त्याच्यापुढे नाव आत्याबाईचं.